नऊ सेकंदांचा आवाज

नील, तो मोबाईल आधी पालथा ठेव. लाइट गेलीय तर जाऊ दे, म्हैसूरच्या या बोगादीत त्याचं काय नवल? येईल तासाभरात. आणि ऋचा, तू कठड्यावरून खाली ये बघू, एवढी सतरंजी अंथरलीय ती काय शोभेला? हां, आता बसा. आधीच सांगून ठेवतो, या त्र्यंबककाकाने जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे ज्याच्यावर गुदरलं तो पोरगा इथेच राहायचा, तुमच्या मागे ती कुलूप लावलेली खोली आहे ना, तिथे. निशांत त्याचं नाव.

मूळचा बार्शीचा. सरळ पोरगा, भाडं वेळेवर, फक्त बूड स्थिर नाही. जेवताना पाय हलवायचा, बोलताना पेन टकटकवायचा. काम लोकांचे सर्व्हर लावून देण्याचं. मला पहिल्यांदा कळेना, तेव्हा त्याने समजावलं. म्हणाला, काका, सर्व्हर म्हणजे चाळ समजा आणि वेबसाइटी म्हणजे भाडेकरू. त्या चाळीला एक मॅनेजर ठेवायचा, म्हणजे कुणाला कुठली खोली, कुणाची किल्ली कुठे, सगळं तो बघतो. त्या मॅनेजरला म्हणतात कंट्रोल पॅनेल. पण हा मॅनेजर फार नखरेल बरं का! त्याला चाळ कोरी लागते. आधीचा एक भाडेकरू नको, जुनं सामान नको, दारावर पूर्ण नावाची पाटी पाहिजे. एवढी तयारी केली तर तो येणार. आणि एकदा आला की हलत नाही, घालवायचा तर चाळच पाडावी लागते.

तर मागच्या वर्षी दसऱ्याला त्याला असंच एक काम आलं. इथे गावाच्या टोकाला, हूटगळ्ळीला, गुरुराव म्हणून आहेत. आपलीच मराठी माणसं, पण चार-पाच पिढ्या म्हैसूरचीच. आजोबा-पणजोबा कापड रंगवायचे, छापायचे. गुरुरावांनी लग्नपत्रिकांची छपाई काढली आणि मुलगा धनुष, त्याने छापखान्याच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर ठेवून लोकांच्या वेबसाइटी चालवायला घेतल्या. हुशार पोरगा. दोन वर्षांपूर्वी टी. नरसीपूरहून बाइकवर येताना रात्री एका खड्ड्यात गेला. जागच्या जागी. मोबाईलचासुद्धा चुरा झाला.

मागे काय राहिलं? ते मशीन. आणि त्या मशीनमध्ये नऊ सेकंदांचा आवाज.

गिऱ्हाइकांसाठी एक फोन होता खोलीत. उचलायला कुणी नसलं की मशीनच धनुषच्या आवाजात बोलायचं, "नमस्कारा, नानु धनुष. स्वल्प इरी, ईगले बर्तीनी." म्हणजे, मी धनुष, जरा थांबा, आत्ता येतो. पोरगा गेल्यावर त्याची आई लक्ष्मीदेवी रोज दिवेलागणीला वरच्या मजल्यावरून तो नंबर फिरवायची. नऊ सेकंद ऐकायची, ठेवून द्यायची. दोन वर्षं, एक दिवस चुकला नाही. दुसरीकडे कुठेही त्याचा आवाज उरला नव्हता हो.

पुढे मशीन थकलं, मध्येच बंद पडायला लागलं. मुलीने, भाग्याने, धंदा हातात घ्यायचं ठरवलं. तिला जमेल असं पॅनेल घालायचं, म्हणून निशांतला बोलावलं. गुरुरावांनी त्याला स्क्रीनवर एक फोल्डर दाखवला आणि म्हणाले, "निशांतप्पा, हे एवढं काढून ठेव. बाकी सगळं पुसलं तरी आयितु, चालेल. पण हे गेलं तर... तुझी काकू जगायची नाही रे."

निशांत म्हणाला, अहो, पाच मिनिटांचं काम आहे ते, निर्धास्त राहा.

तारीख सांगतो. एक ऑक्टोबर, बुधवार. आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. गावात रोषणाईचा लखलखाट, पण हूटगळ्ळीच्या त्या गल्लीत दोन दिवे, तेही मिणमिणते. छापखान्यातली सगळी यंत्रं धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून पूजेला मांडलेली. दारात कोहळा फोडलेला. धनुषचं मशीनसुद्धा बंद करून त्याला झेंडूची माळ घातलेली, त्याच्या कीबोर्डवर एक फूल. वर्षभरात एवढी एकच रात्र, काकूंचा दिवेलागणीचा फोन झाला की, ते बंद असायचं. धनुष स्वतः करायचा ती पूजा.

आता या दिवशी एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नमस्कार करून काम सुरू करायचं. गुरुरावांनी बजावलंसुद्धा, "आज बेडाप्पा, आज नको. वर्षभर आपण राबवतो त्याला, एक रात्र त्याची. सकाळी सहाला सुरू कर."

पण निशांतची दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी. बहिणीचा, देवश्रीचा, साखरपुडा. उद्या मिरवणुकीच्या गर्दीत स्टेशन गाठायचं म्हणजे सकाळीच निघायला हवं. तो तोंडाने "हो हो" म्हणाला, लवकर उठायचं निमित्त करून त्याच खोलीत चटई टाकली, आणि सव्वाअकराला वर सामसूम झाल्याबरोबर माळ काढून ठेवली. मशीन सुरू. मशीनला कुठं कळतंय आज तिथी काय आहे ते! त्याच्या मनात आलं हे, त्यानेच मला सांगितलं.

आपला लॅपटॉप जोडायला वायर कमी पडली. म्हणून त्याने त्या फोनची नेटवर्कची वायर काढली आणि लॅपटॉपला लावली. हे लक्षात ठेवा.

मग धनुषचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. फाइलीचं नाव दिसलं. आता रीत अशी, की एकदा वाजवून बघायचं. पण वरची जमीन जुनी, लाकडी तुळयांची. खालचं कुजबुजणंसुद्धा वर जातं, वरचं खाली येतं. आवाज गेला तर म्हातारा म्हणणार, पोराने हात लावलाच. म्हणून नाही वाजवलं. आणि मशीन पुसलं. नुसतं पुसलं नाही, धुऊन काढलं. परत काही निघणारच नाही असं.

बारा वाजून दहा मिनिटं. मशीन ज्यावर चालतं ते लिनक्स नव्याने बसलं, चाळ कोरी झाली. आता पाटी. जुन्या मशीनचं नाव होतं 'धनुष'. याने नवं नाव टाकलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि पाहिलं तर नाव... धनुष.

घाबरला नाही तो. भिंतीवरचा राउटर कधीकधी जुनं नाव लक्षात ठेवतो आणि परत चिकटवतो म्हणे. होतं असं. राउटरमधून नाव काढलं, नवं टाकलं, पुन्हा बंद-चालू केलं.

धनुष.

पाय हलायला लागले त्याचे. उठला, पाणी प्यायला, खिडकी लावली, परत उघडली. म्हणाला, मरू दे, नाव मागाहून बघू. मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला, चाळ तपासली आणि दारातूनच परत गेला. स्क्रीनवर उमटलं की मशीन रिकामं नाही.

आता आत्ताच धुतलेलं मशीन रिकामं नाही म्हणजे काय? लिनक्समध्ये एक साधी आज्ञा असते, आत्ता मशीनवर कोण कोण बसलंय ते विचारायची. त्याने विचारलं. एक नाव यायला हवं होतं, त्याचं स्वतःचं, लॅपटॉपवरून.

दोन आली.

दुसरं धनुषचं. बसलाय, बारा वाजून चाळीस मिनिटांपासून. आणि कुठून बसलाय? तर लांबून नाही. मशीनच्या स्वतःच्या कीबोर्डवरून.

तो कीबोर्ड याच्यापासून दोन हातांवर होता. पुढे रिकामी खुर्ची. कीबोर्डवरचं फूल... आता बाजूला, टेबलावर होतं.

इरा, घाबरलीस का गं? बस, सरक इकडे.

निशांत म्हणाला, काका, त्या वेळी मला भुताची भीती नाही वाटली. वेगळीच वाटली. तो आवाज नीट आलाय ना, म्हणून मी पेन ड्राइव्ह उघडला. कानाला हेडफोन लावून फाइल वाजवली.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. नीट पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. ती फाइल नव्हतीच. लिनक्समध्ये लिंक म्हणून प्रकार असतो. वस्तू नाही, वस्तू कुठे ठेवलीय त्याची नुसती चिठ्ठी. धनुषने आवाज ठेवला होता दुसरीकडे, आणि या फोल्डरमध्ये फक्त चिठ्ठी. याने ती चिठ्ठी जपून घेतली आणि ज्या घराचा पत्ता तिच्यावर होता, ते घर स्वतःच्या हाताने पाडलं. रोज करणारा माणूस हो! शिकाऊसुद्धा एकदा वाजवून बघतो.

रडला तो. सरळ सांगतो, रडला. एक आई दोन वर्षं नऊ सेकंदांवर जगत होती, आणि मी ते पुसले, असं म्हणत डोकं धरून बसला.

एक वाजून बावन्न मिनिटं.

फोन वाजला.

खोलीतला. गिऱ्हाइकांचा. त्याच्या छोट्या पडद्यावर वरच्या मजल्याचा नंबर. काकूंना झोप आली नसणार. त्यांनी लावला असणार.

निशांतचा हात पुढे गेला... आणि थांबला. उचलून सांगायचं काय?

दुसरी रिंग.

मग त्याची नजर खाली गेली. फोनची वायर. ती त्याच्या लॅपटॉपला होती. त्यानेच लावलेली.

तिसरी.

फोनला वीज होती, पण तो कशालाच जोडलेला नव्हता. मशीनमध्ये बोलायला काही उरलं नव्हतं.

चौथी...

आणि थांबली. मध्येच. कुणी उचलल्यावर थांबते तशी. रिसीव्हर जागेवर. पडद्यावर सेकंद मोजायला लागले. एक. दोन. तीन.

निशांत हलला नाही. श्वाससुद्धा... नाही. सात. आठ. नऊ.

दहा.

अकरा.

वरून काकूंचा आवाज आला. तुळयांमधून, हळू.

"...हां."

मग गप्प. बराच वेळ गप्प.

"जेवले की रे. आज उपास नव्हता."

गप्प.

"...नाही रागावत. नाही अप्पा. लहान आहे तो."

निशांतने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मध्ये बराच वेळ काही ऐकू आलं नाही. एकदा त्या हसल्या. पुढे नाक ओढल्याचा आवाज. आणि शेवटी, अगदी स्पष्ट...

"बरं. जा मग. हळू जा हं. रस्ता वाईट आहे."

पडदा विझला.

किती वेळ बसला कुणास ठाऊक. मग पुन्हा विचारलं, मशीनवर कोण कोण आहे?

एकच नाव. त्याचं.

पाटीवर नवं नाव होतं. मॅनेजर आला, काही न बोलता आत गेला. पहाटेपर्यंत पॅनेल बसलं सगळं. असं बिनतक्रार काम आयुष्यात झालं नव्हतं, म्हणाला.

सकाळी सहाला तो जिना चढला. कबूल करायचं, पाया पडायचं, मग काय शिव्या मिळतील त्या घ्यायच्या. दार वाजवायच्या आधीच काकूंनी उघडलं. हातात कॉफीचा पेला. डोळे सुजलेले, पण चेहरा निवांत. हा "काकू, माझ्याकडून..." एवढंच म्हणाला.

"सुम्ने रे, काही बोलू नको. पी कॉफी. सांगितलं त्याने रात्री. म्हणाला, पोराकडून चूक झालीय, रागवू नको."

मागे गुरुराव उभे होते. धोतराने डोळे पुसत होते.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर काकूंनी फोनला हात लावला नाही. नंतरही कधी नाही. निशांत घरी गेला तो परत आला नाही. सामान मी पाठवलं. हे सगळं त्याने त्याच सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, खालच्या पायरीवर बसून मला सांगितलं. हलवायचा तो पाय त्या दिवशी एकदम स्थिर होता. मी म्हटलं, बाबा, झोप नाही, अपराधी मन, भास होतात माणसाला. मीसुद्धा समजूतच घातली त्याची.

पण मला राहवेना. आठवड्याने मी हूटगळ्ळीला गेलो. गुरुरावांनी त्या खोलीत नेलं. फोन तसाच टेबलावर, वायर अजून काढलेलीच, नुसता विजेवर चालू. काकू भाग्याला तो हलवू देत नाहीत, म्हणाले. मी चष्मा लावला, आलेल्या फोनांची यादी उघडली.

लक्षात आहे ना, धनुषचा आवाज किती होता? नऊ सेकंद.

यादीत सगळ्यात वर वरच्या मजल्याचा नंबर. दोन ऑक्टोबर, पहाटे एक बावन्न. घेतलेला फोन. बोलणं झालं अकरा मिनिटं.