भामरागडला गेलेला आवाज

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, नागभीडच्या मुखरूभाऊंच्या रेडिओ-दुकानात कोरी कॅसेट एकच उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक कांताचा, दुसरा एका उंच, धुळीनं माखलेल्या तरुणाचा.

“घ्या तुमीच,” तो म्हणाला. “मी भामरागडले मास्तर हावो. तिथी ऐकाले माणसं कमी, अस्वलं जास्त.”

कांता हसली, बोलली नाही. परक्यासमोर ती बोलतच नसे. तिचा आवाज जाडा, घोगरा. दोन स्थळं तो ऐकूनच परत गेली होती.

“भांडता काऊन?” मुखरूभाऊ म्हणाले. “आपल्या कॅसेट-मंडळात या दोघंबी. एका बाजूले आपल्या गावचे आवाज भरायचे, टपालानं धाडायचे. समोरच्यानं दुसरी बाजू भरून वापस करायची.”

कांतानं मान हलवली. कॅसेट जाऊ-येऊ लागली. तिकडून नदी यायची, ढोल यायचे, पोरांचे पाढे यायचे. इकडून रेल्वेचं इंजिन, रोवण्याची गाणी. मग एकदा गुणवंत मास्तरचाच आवाज आला— “कांताबाई, तुमचं सारं गाव ऐकलं. त्याच्यात तुमी कुठी हा? लपून काऊन राह्यल्या...?”

तिनं ते वाक्य पुन्हा पुन्हा लावलं. पण उत्तर म्हणून कौलांवरचा पाऊसच भरला. तेवढ्यात बकरी रोवलेल्या धानात शिरली. कांता ओरडत धावली. परतली, घाईनं कॅसेट काढली आणि टपालात टाकून आली.

“अवं, बकरीले शिव्या देल्या तवा ते टेप चालूच होता न?” संध्याकाळी माय म्हणाली.



उत्तर आलं नाही. भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर, रस्ता बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण कांताचा हिशेब वेगळा होता : तिसरंही गेलं.

दसऱ्यानंतर ती दुकानात गेली, तर समोर गुणवंत. हातात चुरगळलेली फीत.

“येवढी घासली काऊन? होतं काय तिच्यात?” मुखरूभाऊ विचारत होते.

“बकरी,” तो म्हणाला, आणि वळला तर दारात कांता.

“हासले असान तुमी,” ती म्हणाली. त्याच्यासमोर पहिल्यांदाच.

“पयल्यांदा हासलो. मंग... पुराच्या दिवसात ते ऐकल्याबिगर जेवण जाये नाई.” तो घुटमळला. “तुमच्या घरी येऊ का, मायले घेऊन?”

मुखरूभाऊंनी रेडिओत डोकं खुपसलं. कांतानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

“या न!” कांता म्हणाली. रस्त्यावरची माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्यानं. “पण तुमच्या मायले आदीच सांगून ठेवजा, पोरीचा आवाज असा हाये म्हणून.”

“दसऱ्याले घरी राजुऱ्याले गेलो तवाच ऐकवला,” गुणवंत म्हणाला. “माय म्हणे, आता काऊन बसून राह्यला? जाय लवकर, दुसरा कोणी ऐकन!”