अंगावरनं गेलेलं वारं

पवनचक्कीचं पातं भंगारवालासुद्धा दारात उभं करून घेत नाही. लोखंड वितळतं, तांबं विकलं जातं, खरं फायबरला कोण विचारत नाही. जाळलं तर डोळे फोडणारा काळा धूर, पुरलं तर जन्मभर तसंच. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतो. म्हणून २००८ साली मलकापूरच्या वरच्या पठारावरची निकामी पाती कापून त्यांची विल्हेवाट लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. काही पाती उन्हापावसानं पिवळी पडलेली, काही वीज पडून चिरलेली. ग्राइंडरनं दिवसभर कापायची आणि संध्याकाळी अंगाची खाज थांबेपर्यंत खोबरेल चोळत बसायचं. असलं हे मानाचं काम!

एका पात्याचा बुडाकडचा भाग मात्र धड होता. पोटात पोकळ, पाठीवर गुळगुळीत. कापायला जीव होईना. मी तो कसबा सांगावला घरी आणला आणि दारात लोखंडी खांबांवर आडवा चढवून सावली केली. "झ्याक झालं की," आई म्हणाली. माझे वडील दादासो, म्हणजे आमचे आबा, खाली खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचायला लागले. आबांचा आवाज असा, की "प्रसेन!" म्हणून हाक मारली तर गल्लीतल्या कोंबड्या उडायच्या. मला त्या हाकेची लाज वाटायची, लहानपणापासून.

एप्रिलात त्याच खुर्चीत त्यांच्या अंगावरनं वारं गेलं.

लकवा मारला की आमच्याकडं असंच म्हणतात. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि तो आवाज गप्प झाला. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी फोटोत दाखवली. शेजारच्या अंबूबाईनं गुठळी मानली नाही.

"खिडक्या लावा," ती म्हणाली. "कान बांधा त्येंचं. आता पुन्ना वारं लागू देऊ नगासा."

"मावशी, देवदेवस्की आमच्या घरातनं छप्पन सालीच गेली. वारं-बिरं काय नसतं, रक्ताची गाठ असती."

"तुझा डॉक्टरबी अर्धांगवायूच म्हणतोय न्हवं? मग वायू म्हंजे काय रं?"

मी चिडलो आणि त्या चिडीतच आबांची खाट बंद खोलीतनं उचलून बाहेर पात्याखाली आणली. त्यांना मोकळी हवा मिळावी, बस. मला दुसरं काही नको होतं. पायांनी नाही चालले तरी चालेल, खरं त्यांनी एकदा मला हाक मारावी. कोंबड्या उडू देत, गल्ली हसू दे.

मे महिन्यातली दुपार होती. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. आई आबांना पेज भरवत होती आणि तिचा पदर फडफडत होता. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. मग सावलीबाहेर हात काढून बघितला, तर नुसता उकाडा. परत आत घेतला, तर गार वारं लागलं. त्याला ओल्या गवताचा वास होता. आमच्याकडं पाऊस अजून लांब होता.

गरम हवा वर जात असेल, पोकळीतनं ओढ बसत असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात आबांचा डावा हात हलला. मी ओरडलोच. आईच्या हातातली वाटी खाली पडली.

मग रोज थोडं थोडं सुधारत गेलं. आधी बोटं, मग कोपर. डॉक्टर खूश झाले. फक्त एक होतं. खोलीत नेलं की हात पुन्हा लुळा पडायचा. पात्याखाली आणला की चालायचा. मी खाट बाहेरच ठेवली.

एका सकाळी आबा बोलले. "खालनं ढग चाललंय."

मी हसलो, रडलो. त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. "कुठं, आबा?"

"गवात वाकलंय बग. लई वारं हाय हितं."

आवाज बारीक होता, सपाट. आबांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या काट्यावर गेला. मलकापूरच्या बाजूला ते कधी गेले नव्हते. दुपारी मी पठारावरच्या जोतीरामला फोन लावला. तिथली यंत्रं तोच बघायचा.

"जोतीराम, त्या चक्कीवर कोण पडलं-बिडलं होतं काय?"

"छ्या! माणूस न्हाय, शेळीबी मेली न्हाय." मग म्हणाला, "एक हाय. ते पातं उतरवल्यापास्नं त्या जाग्याला वारं लागत न्हाय. भवतीनं गवात लोळतंय, आन मधलं उभंच्या उभं. जनावरं आत जाईनात."

"दुपारीच चढवलीस काय रं?"

तो हसला नाही.

त्या दिवशी आई चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते पातं कापून टाक."

"आई, हात हलाय लागलाय त्यांचा!"

"रोज अंग पुसतोय मी त्येंचं. एवढ्या वर्साचं माणूस हाताला कळतंय की." तिनं चुलीत लाकूड सारलं. "हलतोय, व्हय. खरं कुणाचा हलतोय?"

माझं डोकंच फिरलं. "मग काय करू? परत खोलीत कोंडून मुकं करू त्यांना? तुला बरं वाटंल?" नको नको ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून आबांना भरवायचं काम तिनं माझ्याकडं दिलं.

रविवारी सकाळी मी दारात मोटरीचा नट आवळत होतो.

खाट वाजली.

आबा उठून बसले होते. त्यांनी पाय खाली सोडले. दोन्ही. आणि ते उभे राहिले.

"आई! अगं बाहेर ये! आबा चालायलेत!"

मी पाना टाकून धावलो. डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं. ते पडतील म्हणून मी हात पुढं केले. ते सावलीतनं उन्हात आले. पडले नाहीत. तोंड सरळ झालं होतं. अंगातला सदरा फडफडत होता.

कडुनिंब गप्प होता.

आई दारात आली. त्यांच्याकडं तिनं एकदाच बघितलं. मग पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि ती दाराआड झाली. बाहेरचा पुरुष दारात आला की ती अशीच आत जाते.

मी त्यांचा हात घट्ट धरला. हात गार होता. "आबा, मला हाक मारा की. एकदाच."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि अदबीनं हसले.

"पावणं," ते म्हणाले, "प्रसेन म्हणून कोण हाय काय हितं? वर पठारावर एक म्हातारा कवाधरनं त्येला हाका मारालाय."