खळ वाळेपर्यंत

पान बेचाळीस गटारात जाता जाता वाचलं, ते एका अनोळखी चपलेमुळे. संयोगिता रागानं काही बोलणार, तोच चपलेच्या मालकानं वाकून पान उचललं, कागदाला पाय लागला म्हणून कपाळाला टेकवलं आणि शर्टाला हलकेच पुसलं. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

महाद्वार रोडवर श्रावणाची भुरभुर चालू होती. स्कूटरला धक्का बसून तिची पर्स उघडली होती आणि आतल्या चिमुकल्या पुस्तकाची पानं रस्ताभर झाली होती. त्या तरुणानं ती सगळी वेचली, समोरच्याच दुकानाच्या पायरीवर बसला आणि नंबर बघून भराभर लावायला लागला. दुकान त्याचंच होतं, बाइंडिंगचं. बोटांना पुठ्ठे चिकटवायची खळ लागलेली होती. नाव ऋतुराज, हे पाटीवरून कळलं.

"कुठल्या देवाची पोथी म्हणायची ही?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"देवाची न्हाय. सर्व्हरची."

"हा नवीनच देव दिसतोय. कुठं असतो?"

"बावड्याच्या पुढं, आमच्या दूध संघात. एसी लावून बसवलाय. रोज सकाळी विचारपूस केली न्हाय, तर कोपतो."

आता त्यानं मान वर केली. तिच्या भिजलेल्या बटेकडे बघितलं... आणि पुन्हा घाईनं पानांकडे.

संयोगिता संघातले कॉम्प्युटर सांभाळायची. आधीचे आण्णा निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी तळहाताएवढी ही पुस्तिका तिच्या हातात दिली होती. सर्व्हर बिघडला की कुठली कमांड द्यायची, एवढंच त्यात. ऑफिसात सगळे हसायचे, "मोबाईलवर मिळतंय की सगळं!" मिळतं खरं. पण मोबाईलला एक विचारलं की पन्नास जण पन्नास उत्तरं देतात. ही पुस्तिका एकच सांगायची, बरोबर सांगायची आणि गप्प बसायची. अशी माणसंसुद्धा फार नसतात.

"शिवून देतो," ऋतुराज म्हणाला. "शनवारी या."

"येतो," ती म्हणाली. कागलकडची पोर ती, येतो-जातोच म्हणणार.

शनिवारी ती गेली. पुस्तक झालेलं नव्हतं.

"पाऊस बघा की," त्यानं आभाळाकडे बोट केलं. "हवा दमट हाय. खळ वाळंना. पानं सुटीच हाईत अजून."

पुढच्या शनिवारीही खळ वाळलेली नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी चक्क ऊन पडलं होतं, तरी खळीचा दमटपणा जाईना. पण दरवेळी चहा यायचा. तो शिवणीचा दोरा मेणावरून ओढताना ती बघत बसायची आणि ती सर्व्हरचे नखरे सांगताना त्याचा दोरा हातातच राहायचा.

"एवढं जपता त्याला... माणसांना बी जपता काय?"

"माणसं वेळेवर काम करणारी असली तर," ती म्हणायची. आणि परतताना स्कूटरवर उगाच हसायची. पुस्तक नाही मिळालं, याचं म्हणावं तसं वाईट वाटत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण ते तिनं स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.

संघात तिची नोकरी अजून कच्ची होती. मॅनेजर कृष्णात साहेबांनी बजावलं होतं, "या महिन्यात तुझा कायमचा कागद निघायचाय. काही गडबड नको." आणि गडबड नेमकी त्याच महिन्यात झाली.

खोदकामात कुणीतरी केबल तोडली, त्यामुळे इंटरनेट गेलं. संघाच्या पत्र्याखाली मोबाईलची रेंज तशीही यथातथाच. त्यात सकाळी वीज झटक्यानं गेली आणि आली, आणि सर्व्हर काळा पडदा दाखवून बसला. बाहेर दुधाचे टँकर फाटकापर्यंत लागले होते. सर्व्हरवर नोंद झाल्याशिवाय टँकरचा कॉक उघडायचा नाही, असा नियम.

"संयोगिता, दूध नासलं तर मी गावांना काय सांगू?" साहेब दारातून म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

डिस्क दुरुस्तीची कमांड तिला अर्धी आठवत होती. हात सवयीनं पर्सच्या कप्प्यात गेला. कप्पा रिकामा. मग तिनं टेबलावरचा लँडलाइन फोन ओढला; त्याची तार वेगळी होती, आणि दुकानाच्या पाटीवरचा नंबर तिला पाठ झाला होता.

"ऋतुराज, माझं पुस्तक जवळ हाय?"

नुसतं ऋतुराज. एरवी ती 'अहो' म्हणायची.

"हाय की."

"डिस्क दुरुस्तीचं पान काढा. लवकर."

पानं फडफडल्याचा आवाज आला. तिनं दोन श्वास घेतले नसतील, तेवढ्यात तो म्हणाला, "घावलं. वाचू? एफ, एस, सी, के. मग जागा मोकळी. मग आडवी रेघ, आणि वाय..."

तिनं टाइप केलं. बोट एंटरवर गेलं.

"थांबा की! खाली चौकट हाय. बारीक इंग्रजी हाय, मला कळलं तसं सांगतो. डिस्क जोडलेली असताना ही कमांड द्यायची न्हाय. आधी ती सोडवायची. न्हायतर हाय ते बी जाईल, असं म्हणतंय."

तिनं बोट एंटरवरून काढलं. हेच ती विसरली होती. एक बोट खाली गेलं असतं आणि सगळ्या गावांच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. तिनं आधी डिस्क सोडवली, मग कमांड दिली. पडद्यावर आकडे सरकायला लागले.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता वाट बघायची."

"ते मला जमतं."

फोन खांद्याशी धरून ती हसली... आणि हसता हसता थांबली.

"एक सांगा. पान एवढ्या लवकर कसं घावलं? सुटी हाईत म्हणालता न्हवं?"

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"सुटी न्हाईत," तो म्हणाला. "बांधून झालंय. तुम्ही पहिल्यांदा आलता, त्याच आठवड्यात."

"आणि खळ?"

"खळ रातीत वाळती. पावसाळ्यात फार तर दोन."

"आज पुस्तक माझ्या पर्समध्ये पायजे होतं, ऋतुराज. माझी नोकरी गेली असती."

"व्हय. चुकलं माझं." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "एकदा पुस्तक नेलं की तुम्ही परत कशाला येताय... एवढंच डोस्क्यात होतं. तुम्ही यावं वाटायचं."

तेवढ्यात पडदा उजळला. सर्व्हर उठला. बाहेर कुणीतरी "झालं, झालं" म्हणत पळालं आणि पहिल्या टँकरचा कॉक उघडला. संयोगितानं फोन ठेवला.

पहिले दोन दिवस तिला खरोखरच राग होता. तिसऱ्या दिवसापासून तो टिकवायला कष्ट पडायला लागले. मध्येच 'ते मला जमतं' आठवायचं आणि सगळी मेहनत पाण्यात जायची.

शनिवारी ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली, तेव्हा लख्ख ऊन होतं. ऋतुराज उठून उभा राहिला. पुस्तक समोरच ठेवलेलं होतं, लाल कापडात, पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं. पोथी बांधली की तो ती लावायचाच, सर्व्हरची असली म्हणून काय झालं? तिनं पानं चाळली. बेचाळीसवर चपलेचा पुसट ठसा तसाच होता.

"नोकरीचा कागद मिळाला," ती म्हणाली.

"बरं झालं." त्यानं खरोखर सुस्कारा सोडला.

"माझी वस्तू मला न विचारता पुन्हा अशी ठेवून घ्यायची न्हाय."

"न्हाय ठेवणार."

"विचारून ठेवली तर चालंल."

त्याला कळेना. तिनं लाल पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि सर्व्हरचीच तशी दुसरी छापील पुस्तिका काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी केली. कोरी करकरीत, कव्हरला साधी घडीसुद्धा नाही.

"ह्याला काय झालंय?"

"काय न्हाय."

"मग काय करायचं?"

"बांधायचं. किती दिवस लागतील?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग बाहेरच्या लख्ख उन्हाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कानापर्यंत लाल झाला होता.

"खळ... वाळायला जरा..."

"लई वेळ लागतो, माहीत हाय मला." ती पायरीवर बसली आणि चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. "लागू दे. मध्ये कवा लागलं तर मी फोन करतो. तुम्ही वाचून दाखवा."

ऋतुराजनं ती पुस्तिका कपाळाला टेकवली, आणि चहा सांगायला उठला.