उधाणाचा आकडा

सुलभा तांडेल बाईंच्या पत्राला दिगंबररावांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. बाई सावरे खाडीवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ‘१९९३च्या मोठ्या उधाणाचं पाणी कुठवर चढलं, हे फक्त तुम्हीच मोजलं होतंत. शाळेच्या नव्या इमारतीचं जोतं त्याहून उंच घ्यायचं आहे,’ असं त्यांनी लिहिलं होतं. आता २०४७ साल सरत आलं होतं आणि जोत्याचं काम सोमवारी सुरू होणार होतं.

त्या उधाणाच्या वेळी पाणी मोजायचा खांब हवा त्याहून चाळीस सेंटीमीटर वर बसला होता, त्यामुळे आकडे तेवढेच कमी येत, हे दिगंबररावांना आठवत होतं. ते आपण नंतर दुरुस्त केले का, एवढंच आठवत नव्हतं. चुकीचा आकडा कळवावा तर पोरांच्या वर्गात पाणी शिरायचं!

“मग तुमच्या त्या जुन्या संगणकाला विचारा की,” नात शाल्मली म्हणाली.

“त्याची हार्ड डिस्क गेली गं. नवी बसवलीय, पण ती कोरी. आता सगळं फ्लॉपीवरून (चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती) परत भरायचं. माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही.”

“मी आहे ना. पहिली कुठली?”

पहिल्या फ्लॉपीत कर्नल (संगणकाचा कारभार पाहणाऱ्या युनिक्स प्रणालीचा गाभा) होता. त्यानं संगणक नुसता जागा झाला. मग डब्यात वर होत्या त्या दोन लाल फ्लॉप्या घातल्या आणि त्यांच्याखालच्या अकरा निळ्या. एकेक फ्लॉपी चार-चार मिनिटं कुरकुरत होती. आजोबांची पाठ भरून आली.

अखेर आकडा दिसला : ४.१० मीटर. दुरुस्तीचा कुठेच उल्लेख नाही.

“राहिलंच होतं तर,” ते पुटपुटले. “की दुरुस्त केल्यावरच एवढा आला? कोण सांगणार! बंद कर, शाल्मली. दमलो मी.”

“थांबा हो आजोबा. लाल वेगळ्या का?”

“निळ्यांवर सगळ्याची नक्कल आहे, ऑगस्टमधली. त्यानंतर जेवढं बदललं, तेवढंच लालवर घेतलं. त्याला वाढीव बॅकअप (फक्त बदलांची नक्कल) म्हणतात.”

“म्हणजे लाल नंतरच्या. मग आधी का घातल्यात?”

“वर होत्या म्हणून,” आजोबा ओशाळून म्हणाले. “त्याच नावाची फाइल दिसली, की परत भरणारा हा प्रोग्रॅम तिच्यावर मुकाट्यानं लिहितो. नवी कुठली, जुनी कुठली, बघत नाही.”

“म्हणजे वर्गात बाईंनी फळ्यावर उत्तर सुधारलं आणि आपण ते पुसून परत चुकीचंच लिहिलं!”

“अगदी तस्संच केलं मी. घाल लाल पुन्हा.”

आठ मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली : ‘४.५० मीटर. खांब ४० सेंमी वर बसला होता. खांबाची उंची पुन्हा मोजून सर्व आकडे दुरुस्त केले. दि. के.’

दिगंबररावांनी ती तीनदा वाचली. मग कागद ओढला.

“खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहू?” त्यांनी विचारलं.

“कशाला? त्यापेक्षा लिहा, आता समुद्र आणखी चढलाय, तेवढी वाढ धरा. आणि नवा खांब रोवायला आम्ही दोघं येतो.”

त्यांनी तसंच लिहिलं. पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. पाठ ठणकत असूनही ते शाल्मलीच्या पुढे चालत गेले आणि पाकीट स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.