वेढा आणि शेवटचं पान

या, पुढे सरका. कीर्तनात मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला नुसता मृदंग ऐकू येतो. गोष्ट पुढच्यालाच मिळते. आज सांगते ती प्रेमाची... पण लढाईच्या मैदानातली.

चाकणहून सुटलेली कंपनीची बस तळवड्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. खिडकीशी स्टोअरमधली उत्कर्षा. शेजारी डिझाइनचा निरंजन, मांडीवर लॅपटॉप. त्यावर जुन्या दख्खनच्या लढायांचा गेम. गड, घाट, आणि मुंगीएवढे सैनिक पटापट आडवे होत होते.

"लढाई तर दिसत नाही," उत्कर्षा डोकावली. "मग मरतायत कशानं?"

"मनोबल खचलंय."

"जेवलेत का?"

त्यानं कोपऱ्यातला आकडा पाहिला. धान्य शून्य. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"तुम्ही खेळता हा?"

"नाही. आमच्याकडे गावचा सप्ताह असतो. उपाशी माणूस लांबून ओळखते मी."

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये शिकवणी सुरू झाली. तोफा कुठं लावायच्या, घोडदळ कधी सोडायचं, गनिमी कावा कसा करायचा – ती सगळ्याला मान डोलवायची आणि बैल विकत घ्यायची.

"पुन्हा बैल?"

"मग धान्य काय तुझं घोडदळ डोक्यावर आणणार?"

"एक तरी तोफ घे ना."

"तोफ भाजून खातात का?"

तिच्या गावच्या पंगतीत शेवटचं पान वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. तोच नियम तिनं फौजेला लावला. मागची तुकडी जेवल्याशिवाय पुढची हलायची नाही. तोवर शत्रू घाट उतरून आलेला असायचा. इतकी पोटभर हार निरंजननं कधी पाहिली नव्हती. पण चुकीची तुकडी थांबवायला त्याचा हात तिच्या हातावर पडायचा, आणि मग दोघंही नकाशाकडेच बघत बसायचे... फार लक्ष देऊन.

एका संध्याकाळी तिनं एकही बैल विकत घेतला नाही.

"रविवारी काल्याच्या कीर्तनाला तळेगावचे पाहुणे येतायत. मला बघायला."

"अच्छा..." निरंजननं चष्मा पुसला. "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे म्हणे. दुसरं कुणी काही बोललेलंच नाही, तर तुलना कुणाशी करू?"

गनिमी काव्याचे धडे देणाऱ्याला उघडं मैदान काही जमेना. तो पुन्हा चष्मा पुसू लागला.

"पैज लाव," ती म्हणाली. "गड माझा, वेढा तुझा. माझा स्टॉप येईपर्यंत गड राहिला, तर रविवारी पंगतीत वाढायला यायचं. पडला, तर मी पाहुण्यांना चहा देते. आणि मुद्दाम हरलास तर तुझ्याशी बोलणार नाही."

परक्या पोरानं गावच्या पंगतीत बादली धरायची, म्हणजे सगळा गाव विचारणार – हा कुणाचा? हे त्यालाही कळत होतं. बिचाऱ्यानं मनावर दगड ठेवून सगळ्या तोफा डागल्या. तट ढासळला, बुरूज पडला. आत तिची माणसं निवांत जेवत होती. बाहेर त्याची फौज मात्र घाटात अडकलेल्या धान्याची वाट बघून कंटाळली आणि एकेक करून घरी निघाली. तिचा स्टॉप, तळवडं, आला तेव्हा तंबूत निरंजन एकटाच उरला होता. हरून इतका हसला, की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

रविवारी तो आमटीची बादली घेऊन हजर. पहिल्याच फेरीत पळीभर आमटी तळेगावच्या नवरदेवाच्या बाहीवर सांडली.

"ह्ये पोरगं कुणाचं?" उत्कर्षाच्या वडिलांनी, दादासाहेबांनी विचारलं.

"कंपनीतलं," उत्कर्षा म्हणाली. "लढाई शिकवतंय मला."

"आमटी न्हाई येत त्याला."

सगळ्यात शेवटी वाढपी बसले. उत्कर्षाच्या वाट्याला कडेचं पान आलं. भात होता, आमटीच्या बादल्या खरवडून झालेल्या. निरंजननं पाठीमागं झाकून ठेवलेली वाटी पुढं केली.

"शेवटची तुकडी जेवल्याशिवाय फौज हलत नाही ना?" तो म्हणाला. "मग मीही... इथून हलत नाही. कधीच."

ती पानाकडे बघत राहिली. "भात गार होतोय," म्हणाली, आणि पदर सावरून थोडी सरकली. शेजारी एका माणसाची जागा झाली.

मागं दादासाहेब उभे. त्यांनी दोघांकडे पाहिलं, तळेगावच्या गाडीकडे पाहिलं, आणि उपरणं खांद्यावर टाकलं.

"बस की मग, जागा केलीय तिनं तर. पाव्हण्यास्नी सांगतो मी."

तर माझ्या माणसांनो, एवढं माझ्यासाठी करा. पंगतीत पहिला घास उचलताना कडेच्या पानावर कोण बसलंय, त्याची आठवण ठेवा.