बावीस किलो कापूस

ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी मी पहिल्यांदा दुकान उघडलं, तेही एका तक्रारीपायी. एक जोडपं गादी परत घेऊन आलं होतं. दोन महिन्यांत बसली म्हणे. मी गादी फरशीवर पसरली, हात फिरवला आणि मला हसू आवरेना. खड्डे दोन होते, पण एक या काठाला, दुसरा त्या काठाला, आणि मधे कापसाचा असा उंच बांध की भावाभावांत शेताची वाटणी झाली असावी. मी म्हटलं, "साहेब, गादी बदलून देतो. पण हा बांध माझ्या दुकानातला नाही. तो तुमचा तुम्हीच फोडा."

नवरा चिडला, बाई लाजली. शेवटी दोघं तीच गादी दोन बाजूंनी उचलून परत घेऊन गेले.

गादी खोटं बोलत नाही, एवढीच माझी चाळीस वर्षांची विद्या. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं कापसाने शिकवलं. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोणाला झोप लागत नाही, कोण घरात असून नसल्यासारखा आहे, हे मला खड्डा बघून कळतं. कधी कधी नको तेही कळतं.

त्या दिवशी शिलाईवाली मावशी माझ्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे खोळी शिवते, तोंडाची फटकळ. म्हणाली, "शेठ, तुम्हीच आलात की धाकट्या भावाला पाठवलंत?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. हसताना टाके ओढले गेले.

मी एकशे एकेचाळीस किलोंचा माणूस होतो. डॉक्टरांनी पोटाला पाच भोकं पाडली आणि दुर्बिणीतून माझं जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. आता औषधाच्या टोपणाने सूप प्यायचं. एक टोपण घेतलं की पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं. हे सगळं लेकीच्या हट्टापायी. झोपेत माझा श्वास अडकायचा. बायको गेली तेव्हा लेक फोनवर रडत म्हणाली होती, "बाबा, आई गेली. आता तुमच्याही बातमीच्या फोनची वाट बघत बसू का मी?" झालो तयार.

पण लेकीला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती. तिची आई गेली होती खरी, पण दुपारी येत होती.

आमचं दुकान एक ते चार बंद. लग्नापासूनचा शिरस्ता, घरी जायचं, जेवायचं आणि तासभर आडवं व्हायचं. दिवसभर गिऱ्हाईक, रात्री थकवा, त्यामुळे आमचा संसार जो काही झाला तो दुपारच्या त्या तासात झाला. घरची गादी मी स्वतःच्या हाताने भरलेली. तिच्यात माझा एक ऐसपैस खड्डा, आणि त्याच्या उतारावर तिचा लहानसा. ती घरंगळत माझ्या पाठीशी यायची, हात पुढे टाकून माझ्या पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "डोंगराच्या पायथ्याशी झोप छान लागते, फक्त हा डोंगर घोरतो फार." आणि माझ्या घोरण्याला शिव्या देत देत दोन मिनिटांत झोपून जायची.

ती गेल्यावर दीडेक महिन्याने, अशाच एका दुपारी, मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पाठीमागे गादी दबली. आधी गुडघा, मग कोपर, मग सगळं अंग. चोपन्न-पंचावन्न किलोंची बाई, उजवी कूस. मला वळून बघायची गरजच नव्हती. मग पोटावर हात आला.

घाबरलो का? खरं सांगतो, नाही. वळायचं नाही, एवढं मात्र मला कोणी न सांगता कळलं. मी तसाच पडून राहिलो, आणि तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा गाढ झोपलो. त्यानंतर वर्षभर एक दुपार चुकली नाही. फक्त ऑपरेशन झालं तेव्हा लेक पंधरा-सोळा दिवस मला तिच्या घरी घेऊन गेली, तेवढा खंड.

तर त्या अठराव्या दिवशी, जोडप्याला वाटेला लावून, मी दुपारी घरी आलो. टोपणाने सूप घेतलं. आडवा झालो. खड्डा मोठा वाटला, म्हणजे अर्थात मी लहान झालो होतो. वाटीत वाटाणा पडावा तसा पडलो. पडदा ओढलेला, बाहेर ऊन, कुठेतरी नळ ठिबकत होता. मग गादी दबली. माझा जीव सुपाएवढा झाला.

हात आला... आणि हवेतच थांबला. जिथे पोट असायचं तिथे पोट नव्हतं. मग तो खाली टेकला, चाचपडू लागला. बरगडी. कंबर. पुन्हा बरगडी. वीज गेल्यावर माणूस भिंतीवर बटण शोधतो, तसा. एका व्रणावर बोट लागलं, आणि हात झटकन मागे गेला. परक्या पुरुषाला चुकून लागावा तसा.

"अहो...?"

वर्षभरात ती पहिल्यांदा बोलली होती.

"अगं, मीच आहे," मी भिंतीकडे बघत म्हणालो. "इथेच आहे..."

पण माझा आवाजही उतरला होता. उपाशी अंगाला येतो तसा एक गोडसर वास हल्ली मला येत होता, तो माझा मलाच ओळखू येत नव्हता. आणि घोरणं तर थांबलंच होतं. डॉक्टर म्हणाले होते, ही सगळ्यात चांगली खूण.

गादी हलकी झाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराचं दार वाजलं. एक झाकण उचलून परत ठेवल्याचा आवाज. मग न्हाणीघराचं दार. मग बाल्कनीचं.

"अहो... कुठे आहात...?"

चार वाजेपर्यंत ती मला घरभर शोधत होती, आणि मी घरातच होतो.

पंधरवडाभर हेच चाललं. यायची, चाचपायची, उठून जायची. हाक दिवसेंदिवस बारीक होत गेली. मग एका दुपारी ती टेकलीच नाही. पलंगाशी उभी राहिली असावी, कारण आवाज वरून आला. दबका, अदबीचा.

"भाऊ... आमचे हे इथे झोपायचे. तुम्ही कुठे पाहिलंत का त्यांना...?"

एकतीस वर्षं संसार केला हो तिने माझ्याशी. भाऊ म्हणाली.

त्या संध्याकाळी मी वेडेपणा केला. पाव आणला, लोणी आणलं, ओट्याशी उभं राहून खायला लागलो. अंग परत मिळवायचं होतं मला. तिसरा घास छातीत दगडासारखा अडकला. फरशीवर लोळलो, सगळं उलटून पडलं, तोंडाला फेस आला. तिथेच पडल्या पडल्या कळलं की हे परत येणार नाही. दुकानात चुकून कापलेलं कापड मी कुठे ना कुठे जोडून लावतो. पोटाला तशी सोय नाही. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मी सही केली होती, आणि सही करताना या बाईला विचारलं नव्हतं. वर्षभर रोज शेजारी झोपत होती, तरी विचारलं नव्हतं.

पण मी जातीचा व्यापारी. गादीत कापूस कमी पडला तर भर घालायची, हे मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी वजन केलं. एकशे एकोणीस. म्हणजे बावीस किलो गेले होते. मावशीला बाजूला बोलावलं. "मावशी, मला एक पोट शिवून दे."

ती आधी ऐकतच राहिली. मग खो खो हसली. "एवढा खटाटोप करून पोट कापून घेतलंत, आणि आता माझ्याकडून शिवून घेता? कापायला डॉक्टर आणि शिवायला मी! लोक काय म्हणतील?"

"दे ना."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. गादीच्या जाड कापडाची बंडी शिवली, पुढे भलीमोठी पिशवी, मागे नाड्या. त्यात आम्ही बावीस किलो कापूस दाबून भरला. दोन महिने ओझं उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मी ते घरी आणून पलंगावर टाकलं, त्याच्याखाली शिरलो आणि नाड्या बांधल्या. पाचही व्रण ठणकत होते. पण खड्डा भरला. काठोकाठ, पूर्वीसारखा.

ती आली. हात आला. टेकला... आणि राहिला. मग तिने दोनदा थोपटलं.

"आलात...?"

मी बोललो नाही. आवाजाने पकडला गेलो असतो. मी खोटं खोटं घोरायला लागलो. तिने एक मोठा सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीशी झोपली. मी रडत होतो, पण घोरणं थांबवता येत नव्हतं, म्हणून घोरत घोरत रडलो.

एक मात्र होतं. तिचा हात कापसावर होता. मला तो लागत नव्हता.

तरी मी समाधान मानलं. मी एक किलो उतरलो की मावशीकडून बंडीत एक किलो भरून घ्यायचो. मावशी आता चेष्टा करत नसे. एकदा उसवून बघताना म्हणाली, "शेठ, कापूस ओला का लागतो हो? कोमट पण आहे." मी म्हटलं, माझा घाम असेल. पण घाम आतल्या अंगाला असायला हवा होता. ओल बाहेरून होती, हात टेकायचा त्या जागी.

मग खड्डा. रोज बघत होतो, पण बघायचं टाळत होतो. माझं वजन अधिक कापसाचं वजन, बेरीज तीच असायला हवी. खड्डा मात्र खोल जात होता. एका दुपारी घोरता घोरता मला ठसका लागला, मी थांबलो, आणि घोरणं आणखी दोन श्वास चालू राहिलं. मी स्वतःला सांगितलं, पंखा आहे. गिऱ्हाइकाला मी असं कधी सांगितलं नसतं.

गेल्या मंगळवारी तपासणी होती. अकराची वेळ, नंबर लागला दीडला. बंडी नेहमीप्रमाणे पलंगावर, वर चादर, अशी ठेवून गेलो होतो. डॉक्टर खूश. एकशे दहा! नंतर आहाराचं सांगणारी मुलगी कागद भरता भरता थांबली. लेकीच्याच वयाची.

"काका, डोळे असे का झालेत? पश्चात्ताप होतोय का?"

मी मान डोलावली.

"पहिल्या काही महिन्यांत खूप जणांना होतो. आरशात आपणच आपल्याला अनोळखी वाटतो. पण घरच्यांशी बोला. घरची माणसं ओळखतात बरोबर."

"हो," मी म्हटलं.

घरी पोचायला अडीच वाजले. जिना चढताना दम लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तो जिना न थांबता चढलो, आणि वर जाऊन हे तिला सांगावं असं वाटलं. कुलूप काढलं. घर थंड, शांत. चप्पल काढली आणि ऐकलं.

आत कोणीतरी घोरत होतं.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कसा ऐकणार, आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही. पण तिने एकतीस वर्षं त्याची नक्कल करून दाखवली होती. आधी करवत, मग शिट्टी, मग श्वास अडकून तीन आकडे शांतता, मग पुन्हा करवत. मी भिंतीला धरून मोजलं. एक... दोन... तीन... करवत.

झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं. आतून लावलेलं होतं. त्या दाराला आतून कडी नाही. लेक लहानपणी एकदा आत अडकली, तेव्हा मीच स्क्रू काढून ती काढून टाकली होती.

मी दाराला कपाळ टेकवलं. "अगं..." मी म्हटलं. "मी आहे. दार उघड... मी आलोय."

घोरणं थांबलं. पलंग करकरला. चोपन्न किलोंना करकरतो तसा नाही.

मग तिचा आवाज. झोपेतला, उबदार, अगदी संसारातला.

"अहो... दाराशी कोणीतरी रडतंय. कोण आहे बघा ना."

आत एक मोठा श्वास घेतला गेला. मग माझा आवाज आला. ऑपरेशनच्या आधीचा, जाडसर, शब्दाशब्दाला धापणारा.

"कोणी नाही गं. झोप तू."