लिपाद वळणाची रेघ

बसा. आधी ते गाड्यांचे दिवे बंद करा, माझ्या दुकानात उजेड भरपूर आहे. भाताची पेज गरम आहे, आलं जास्त पडलंय, गपचूप प्या. पहाटे तुम्ही कुठं निघालात ते मला विचारायला नको. सगळ्यांच्या मनगटावर तीच घड्याळं आहेत, उपग्रहाला विचारून रस्ता टिपणारी. डोळे दिलेत देवानं, पण रस्ता बघायचा मनगटानं! हसू नकोस रे डूलवाल्या. माझा सख्खा भाचा तुमच्याच पंथातला होता.

देल्फिन त्याचं नाव. मला तियो म्हणायचा, म्हणजे मामा. जुनी जीप घेऊन डोंगरात फिरायचा, घड्याळावर रस्त्याची रेघ टिपायचा आणि 'सुंदर रस्ते' म्हणून फोनवरच्या नकाशात टाकायचा. खालच्या शहरातली माणसं त्या रेघेवरून गाड्या घेऊन यायची. इथवर ठीक. पण या शहाण्यानं चर्चखालच्या वळणाला 'लिपाद' नाव दिलं. उड्डाण! आणि तिथं शर्यत लावून ठेवली. कोण किती वेगात वळलं ते नकाशा आपोआप मांडतो, आणि सगळ्यांत वर नाव देल्फिनचं.

त्याच वळणावर लोलो आम्बो उकडलेली कणसं विकायचा. सगळ्या गावाचा आजोबा, म्हणून लोलो. एके दिवशी तो देल्फिनच्या दारात आला.

"बाळा, ते वळण काढ बाबा तुझ्या नकाशातून. पोरं अंगावर येतात."

"लोलो, गिऱ्हाईक वाढलं ते नाही दिसत? आणि मी काढलं म्हणून वळण काय सरळ होणारे?"

पुढच्याच रविवारी एकानं म्हाताऱ्याला पातेल्यासकट उडवलं. थांबलासुद्धा नाही हरामखोर. घरी जाऊन आधी आपला वेग बघितला असेल! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वीची पंधरा नोव्हेंबर. शुक्रवार, पौर्णिमा. लोलोच्या घरी मयताचं जागरण चाललं होतं. माझ्या बहिणीनं देल्फिनला कॉफी आणि बिस्किटांचा डबा देऊन तिकडं पाठवलं. मी जागं राहायला अंगणात, उघड्या दारासमोरच पत्ते खेळत बसलो होतो. ज्याचा जीव अन्यायानं गेला त्याच्या शवपेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू सोडतात, तसं इथंही सोडलेलं. काचेवरचे दाणे ते टिपत होतं. टक्, टक्. तितक्या टोचा गुन्हेगाराच्या काळजाला बसतात म्हणतात.

लोलोची बायको, आलिंग कोरिंग, पेटीशी उभी होती. तिनं देल्फिनला विचारलं, "रविवारी त्यांना घेऊन आम्ही त्याच वळणावरून चालत जाणार. नातवंडं असतील बरोबर. काढलंस का रे ते?"

"काढलं, आलिंग कोरिंग. कालच काढलं."

खोटं! पेटीच्या काचेवर हात ठेवून खोटं! पहिला नंबर सोडवत नव्हता मेल्याला.

पिल्लू टोचायचं थांबलं. मी बघितलंय.

मयताच्या घरून कुणी सरळ आपल्या घरी जात नाही. मध्ये कुठंतरी टेकायचं, काहीतरी खायचं, मागं लागलेल्या मेलेल्याला तिथंच चुकवायचं. त्यासाठीच माझ्या बायकोनं हे दुकान उघडं ठेवलं होतं. मी त्याला हाक मारली, "अरे, पेज पिऊन जा!"

"नको तियो. चांदणं बघा केवढं पडलंय! अखंड रेघ टिपतोय. थांबलो की नासते."

आणि गेला. पुढचं त्यानं सांगितलेलं, जसंच्या तसं सांगतो.

दुकान मागं पडलं तेव्हा गाडीत उकडलेल्या कणसांचा वास आला. मग मनगटावर घड्याळानं टोचलं. टक्. निरोप आला असेल म्हणून त्यानं पाहिलं. निरोप नव्हता. पुन्हा टक्. त्यानं पट्टा ओढला. निघेना.

लिपाद आलं.

त्यानं ब्रेक दाबला. जीप हळू झाली... आणि मागून दबली. मागच्या सीटवर कुणी टेकावं तशी.

"लोलो...?"

...

टक्.

त्यानं मागं पाहिलं नाही. उरलेला रस्ता तो रडत आला. घर आलं. इंजिन बंद केलं. जीप दबलेलीच. कुणी उतरेना.

टक्. टक्. टक्.

मग त्यानं फोन काढला. वळण काढलं. शर्यत काढली. आपलं नाव काढलं.

टक् थांबलं.

आणि जीप वर आली. हळूच. म्हातारं माणूस सावकाश उतरावं तशी...

रविवारी पेटी त्या वळणावरून गेली. नातवंडं फुलं घेऊन पुढं चालत होती. एकही गाडी आली नाही.

देल्फिननं घड्याळ मला आणून दिलं. "तियो, घरात ठेववत नाही." तेव्हापासून ते या डब्यात आहे. चार्ज केलेलं नाही, बंद पडून दोन वर्षं झाली.

आता माझं ऐका. काल कुणीतरी लिपाद परत नकाशात टाकलंय. शर्यतीसकट. आणि तिथं आता आम्बोची नात कणसं विकते. अजून शाळेत जाते ती पोर! लाज वाटत नाही? कोण आहे तो? बोला ना!

...

बरं. हे घड्याळ धर, डूलवाल्या. काचेवर बोट फिरव. गुळगुळीत लागतेय? आता दिव्याखाली तिरकी धर. बारीक बारीक टोचा दिसतात ना? बोटाला लागत नाहीत, कारण त्या आतल्या बाजूनं आहेत. दोन वर्षं त्या होत्या तेवढ्याच होत्या.

ही कडेची... ही कालची आहे.